शल्यतपस्वी डॉ. हार्वे कुशिंग

शस्त्रवैद्य म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लखलखणारी सुरी उभी राहते. सुरी धरणारा हात जितका धीट, तितका शस्त्रवैद्य मोठा, असाही आपला एक समज असतो. ज्या थोर शल्यविशारदाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्यांच्या कीर्तीत सुरीचा वाटा थोडाच आहे. कापसाच्या ओल्या चकत्या, मधमाश्यांचे मेण, रेशमाचा काळा धागा आणि चांदीच्या तारेचे इवलेसे तुकडे अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंनी त्यांनी हजारो माणसांचे प्राण वाचविले. मेंदूवर शस्त्र चालविणे म्हणजे रोग्यास मृत्यूच्या स्वाधीन करणे होय, अशी ज्या काळी बहुतेक डॉक्टरांचीच समजूत होती, त्या काळातील ही गोष्ट आहे.

हार्वे विल्यम्स कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड या शहरी झाला. दहा भावंडांत हा सर्वांत धाकटा. पणजोबा, आजोबा आणि वडील असे तिघेही डॉक्टर असल्यामुळे वैद्यकी ही त्या घरात जणू कुलविद्याच होती. हार्वे प्रथम येल विद्यापीठात शिकला. तेथे त्याचे लक्ष पुस्तकांइतकेच बेसबॉलच्या खेळाकडेही असे. १८९१ मध्ये पदवी मिळवून तो बोस्टन येथील हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला.

तेथे त्याच्यावर एक भयंकर प्रसंग गुदरला. त्या काळी रोग्याला ईथर देऊन बेशुद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवीत असत. त्यासाठी निराळे शिक्षण असे फारसे मिळत नसे. कुणीतरी हाक मारावी, हातात ईथरचा बोळा द्यावा आणि विद्यार्थ्याने तो रोग्याच्या नाकाशी धरावा, इतकेच. हार्वेने अशा रीतीने ज्याला ईथर दिले तो रोगी शस्त्रक्रिया चालू असतानाच दगावला. वडीलधाऱ्या डॉक्टरांनी त्याची समजूत घातली, असे नेहमीच घडते म्हणून सांगितले. हार्वेच्या मनाला मात्र ही समजूत पटेना. वैद्यकी सोडून द्यावी असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. पुढे आपला सहाध्यायी कॉडमन याच्यासह त्याने एक साधी तोड काढली. ईथर देत असताना रोग्याची नाडी व श्वास दर काही मिनिटांनी मोजून कागदावर टिपून ठेवावयाचे. बेशुद्धीचे हे तक्ते १८९५ च्या सुमाराचे आहेत. आज जगातील कोणत्याही रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी जी नोंद ठेवतात, तिचा उगम अशा तक्त्यांत आहे. असे नेहमीच घडते हे उत्तर ज्याला पुरत नाही, त्या माणसाची ही पहिली ओळख.

१८९५ मध्ये पदवी घेऊन, एक वर्ष बोस्टनच्या रुग्णालयात उमेदवारी करून डॉ. कुशिंग १८९६ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तेथील मुख्य शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड हे विलक्षण गृहस्थ होते. ईथर आणि क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी रोगी शुद्धीवर असताना त्याला कापावे लागे, त्यामुळे जो झटपट उरकील तो शस्त्रवैद्य उत्तम ठरे. भूल आली, वेदना गेली, तरी घाईची सवय मात्र सुटली नव्हती. हॉल्स्टेड यांनी ती सोडली. ते अतिशय सावकाश काम करीत, मांसाला हलक्या हाताने स्पर्श करीत, आणि वाहणारी प्रत्येक बारीक रक्तवाहिनीदेखील चिमट्याने धरून रेशमाने बांधीत. रक्त पुसून पुढे जाण्याऐवजी आधी रक्त थांबवावे आणि मगच पुढे जावे, हा धडा कुशिंग यांनी त्यांच्याजवळ घेतला आणि तो अशा ठिकाणी नेला की जेथे स्वतः हॉल्स्टेड क्वचितच जात.

ते ठिकाण म्हणजे माणसाचा मेंदू. तेथे रक्त थांबविणे इतके कठीण का, हे नीट समजल्यावाचून या चरित्रातील पराक्रम कळणार नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या कोकणी घरांतून जिला आदोळी म्हणतात त्या विळीवर भाजी चिरताना बोट कापले, तर आई काय करते? जखमेवर हळद दाबते, वर चिंधी घट्ट आवळते, आणि थोड्या वेळाने रक्त थांबते. दाबणे आणि आवळणे हे दोन्ही उपाय बोटाला चालतात. पोटातली मोठी शीर तुटली तर ती चिमट्यात धरून दोऱ्याने बांधता येते. मेंदूला यांपैकी काहीच सोसत नाही. तो लोण्यासारखा मऊ. जोराने दाबावे तर दबलेला भाग कायमचा निकामी होतो, आणि त्याबरोबर रोग्याची वाचा, दृष्टी किंवा हातपायांची शक्ती जाते. शिरा इतक्या पातळ की गाठ मारू गेल्यास दोरा शिरेलाच कापून टाकतो. कोरड्या कापडाने पुसावे तर नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी निघून येते आणि पुन्हा धार लागते. बरे, जखम तशीच शिवून टाकावी तर आत साचलेल्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नाही. कवटी ही हाडाची बंद पेटी. तिच्यात चार चमचे रक्त अधिक साचले तर मेंदू चेपला जातो आणि रोगी पुन्हा शुद्धीवर येत नाही.

चेहऱ्याच्या एका मज्जातंतूची असह्य कळ पुष्कळांना आत्महत्येच्या विचारापर्यंत नेते. या तंतूची मूळ गाठ कवटीच्या तळाशी असते आणि तिच्याकडे जाण्याच्या वाटेवर एक मोठी धमनी आडवी येते. तिला धक्का लागला की सगळी पोकळी रक्ताने भरून जाई व शस्त्रवैद्यास काही दिसेनासे होई. कुशिंग यांनी त्या धमनीच्या कमानीखालून, अधिक खालच्या बाजूने जाण्याचा मार्ग शोधला आणि १९०० मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंदूच्या प्रांतातील त्यांचे पहिले नाव झाले ते या, रक्त न सांडणाऱ्या आडवाटेमुळे.

त्याच वर्षी ते युरोपास गेले. लंडनमध्ये त्यांनी सर व्हिक्टर हॉर्स्ली यांचे काम पाहिले. हॉर्स्ली हे मेंदूच्या शल्यक्रियेतील त्या काळचे अग्रणी. त्यांची धडाडी अशी की रोग्याच्या घरी जाऊन तासाभराच्या आत कवटीची शस्त्रक्रिया उरकून ते मोकळे होत. कुशिंग यांना ती घाई रुचली नाही. तरीही हॉर्स्लींची विद्या त्यांनी टाकून दिली नाही, हे पुढे दिसेलच. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे कोखर यांच्याकडे राहून त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. कवटीच्या आतील दाब वाढत गेला की मेंदूला रक्त पोहोचावे म्हणून शरीर आपला रक्तदाबही वाढवीत नेते, हे त्यांनी सिद्ध केले. या प्रतिक्रियेस आजही कुशिंग यांचे नाव आहे. परतण्यापूर्वी इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोच्ची यांचे रक्तदाब मोजण्याचे साधे यंत्र पाहिले आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत नेले. हल्ली दवाखान्यात आपल्या दंडाला जी हवेची पट्टी गुंडाळतात, तिचाच तो पूर्वज.

या पट्टीवरून त्यांना एक युक्ती सुचली. डोक्याच्या कातडीतून रक्त फार वाहते, कारण तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे भोवतालच्या चिवट धाग्यांनी उघडी धरून ठेवलेली असतात. इतरत्र ती आपोआप आकसतात, येथे आकसत नाहीत. मग दंडाप्रमाणे डोक्याभोवतीही हवेने फुगणारी पट्टी बांधली तर? १९०४ मध्ये त्यांनी अशा पट्टीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ती मागे पडली आणि कातडीच्या कडांस ओळीने चिमटे लावून त्या उलटवून ठेवण्याची अधिक सुटसुटीत रीत रूढ झाली.

कातडीनंतर हाड. हाडातून रक्त पाझरते तेव्हा बांधावयास शीर नसते; स्पंजासारख्या असंख्य छिद्रांतून ते येत असते. येथे हॉर्स्ली उपयोगी पडले. त्यांनी १८९२ मध्ये मधमाश्यांचे मेण, बदामाचे तेल आणि जंतूंना मारक असे सॅलिसिलिक ॲसिड यांचे मिश्रण करून ते हाडाच्या कडेवर चोळण्याची रीत सांगितली होती. मेण छिद्रांत बसते आणि पाझर बंद होतो. भांड्याचे भोक बुजविण्यासारखाच हा प्रकार.  याच हॉर्स्लींनी आणखी एक चमत्कारिक उपाय दाखविला होता. रोग्याच्याच शरीरातील ताज्या मांसाचा लहानसा तुकडा वाहत्या जागेवर ठेवावयाचा. मांसात रक्त गोठविणारे द्रव्य असते, त्यामुळे त्याच्या स्पर्शाने गुठळी लवकर धरते. कुशिंग यांनी ही दोन्ही साधने आपलीशी केली.

आता कापूस. ही वस्तू आपल्या घरोघरी आहे, म्हणून एक प्रयोग सांगतो. देवाच्या वातीसाठी आणलेला, बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाण्यावर टाका. तो बराच वेळ तरंगत राहील. औषधाच्या दुकानातून आणलेला कापूस टाका. तो ताबडतोब पाणी पिऊन बुडेल. झाड एकच, तंतू एकच. मग फरक कुठला? कच्च्या तंतूवर निसर्गाने मेणासारखा एक पातळ थर दिलेला असतो आणि तो पाण्याला आत येऊ देत नाही. क्षाराच्या पाण्यात उकळून आणि विरंजन करून तो थर काढला की तोच तंतू तहानलेला होतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे शस्त्रवैद्य सॅम्प्सन गॅमगी यांनी १८८० मध्ये असा शोषक कापूस जाळीदार कापडाच्या दोन घड्यांमध्ये घालून जखमेवर बांधण्याची पद्धत सुरू केली. जखम बांधण्यापुरते हे उत्तम होते. मेंदूवर तसा जाड बोळा दाबून मात्र चालण्यासारखे नव्हते.

कुशिंग यांनी कापसाच्या लहान चपट्या चकत्या वापरण्यास सुरुवात केली. मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून आणि पिळून घेतलेली चकती वाहत्या जागेवर अलगद ठेवावयाची, पुसावयाची नाही. ओली असल्यामुळे ती मेंदूस चिकटत नाही व उचलताना गुठळी उपटून आणीत नाही. पिळलेली असल्यामुळे रक्तातील पाणी शोषून घेते आणि खालची जागा स्पष्ट दिसू लागते. तिच्या तंतूंच्या जाळ्यात रक्त लवकर गोठते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिच्यावरील दाब मेंदूला सोसण्याइतका हलका असतो. चकती ठेवावी, थांबावे, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूस काम करावे. या थांबण्यामुळेच कुशिंग यांच्या शस्त्रक्रिया पाच-पाच, सहा-सहा तास चालत. पाहावयास आलेले पाहुणे कंटाळून निघून जात, असेही घडे.

या चकत्यांत एक धोका होता. रक्ताने भिजलेली नखाएवढी चकती आणि मेंदूचा रक्ताळलेला पृष्ठभाग यांत डोळ्यांस फरक करता येत नाही. एखादी आत विसरली गेली तर घात झालाच म्हणून समजावे. यासाठी प्रत्येक चकतीस काळ्या रेशमाचा लांब धागा बांधलेला असे आणि त्याचे टोक जखमेबाहेर लोंबत राही. आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेत धागा लावलेल्या अशाच चकत्या वापरतात. क्ष-किरणांत दिसावी अशी एक खुणेची पट्टी तेवढी त्यांत अधिक घातलेली असते, आणि जखम बंद करण्यापूर्वी परिचारिका दिलेल्या व परत आलेल्या चकत्या मोजून ताळा जमविते.

एवढे करूनही एक अडचण उरत होती. गाठ जितकी खोल, तितकी तिला रक्त पुरविणारी शीर दूर. एवढ्या खोल विहिरीत बोटे घालून दोऱ्याची गाठ मारता येत नाही. यावर कुशिंग यांनी चांदीच्या बारीक तारेचे नालेसारखे वाकविलेले तुकडे तयार केले. लांब चिमट्याच्या टोकात असा एक तुकडा धरावयाचा, शिरेवर नेऊन बसवावयाचा आणि दाबावयाचा. शीर चेपून बंद होते आणि तार तेथेच राहते. १९११ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रियेतील रक्तस्रावावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात या चांदीच्या चापांचे वर्णन आहे. चांदी क्ष-किरणांत पांढरी दिसत असल्यामुळे, गाठ कोठे होती याची कायमची खूणही आयतीच मिळाली. कागदांना टाचणी लावावी इतकी साधी ही कल्पना. पण तिच्यावाचून मेंदूतील खोल गाठी काढण्याचे काम अडून पडले होते.

१९१० मध्ये या विद्येची मोठी परीक्षा झाली होती. जनरल लेनर्ड वूड हे अमेरिकेच्या सैन्यातील नामांकित अधिकारी, आणि मूळचे डॉक्टर. त्यांच्या मेंदूच्या वरच्या आवरणात गाठ वाढत होती आणि झटके येऊ लागले होते. अशा गाठीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. फेब्रुवारी १९१० मध्ये कुशिंग यांनी ती दोन टप्प्यांत काढली. वूड बरे झाले, त्याच वर्षी सैन्याचे प्रमुख झाले आणि पुढे अनेक वर्षे मानाची पदे भूषवीत राहिले. या एका यशाने मेंदूच्या शल्यक्रियेवर सामान्य लोकांचा विश्वास बसू लागला. या वूड यांच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

१९१२ मध्ये कुशिंग हार्वर्ड विद्यापीठात शल्यविद्येचे प्राध्यापक आणि बोस्टन येथील नव्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद झाले. येथील वीस वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा मध्यान्हकाळ. मेंदूच्या गाठींची शस्त्रक्रिया करणाऱ्या युरोपातील नामांकितांचे शंभरांतले अडतीस ते पन्नास रोगी दगावत असता, कुशिंग यांचे प्रमाण दहांच्या आत आले होते. सुरी त्या सर्वांच्या हाती सारखीच होती.

त्यांच्या स्वभावाविषयी मात्र गोड बोलून चालणार नाही. सहकाऱ्यांशी व परिचारिकांशी ते अतिशय कठोरपणे वागत. हाताखालच्या माणसाकडून जराशी चूक झाली की सर्वांदेखत टोचून बोलत. तेच गृहस्थ रोग्याच्या उशाशी बसले की त्यांचा आवाज पालटे. त्यांच्या शिष्यांनी हे दोन्ही अनुभव सांगितले आहेत. थोरपणाने उद्धटपणा क्षम्य होतो असे मला वाटत नाही. पण शस्त्रक्रिया संपल्यावर, पाच तास उभे राहून थकलेला हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन आत काय दिसले त्याचे सुरेख चित्र स्वतःच्या हाताने काढीत बसे, हेही विसरता येत नाही. प्रत्येक रोग्याची नोंद, प्रत्येक गाठीचा नमुना, प्रत्येक मृत्यूचे कारण त्यांनी जपले. या कामी लुईज आयझेनहार्ट या बाईंचे साहाय्य त्यांस लाभले. लेखनिक म्हणून आलेल्या या बाई पुढे स्वतः डॉक्टर होऊन मेंदूच्या गाठींच्या मोठ्या जाणकार बनल्या.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली ते बेल्जियममधील पाश्चेंडेल येथील रणधुमाळीत, आघाडीजवळच्या तंबूत डोक्याला गोळे लागलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होते. चिखल, पाऊस आणि जखमींची न संपणारी रांग यांतही त्यांनी आपली रीत सोडली नाही. मऊ रबरी नळीने हळुवार शोषून मेंदूतील चिरडलेला भाग व रक्त काढावयाचे, लोहचुंबकाने धातूचे कपचे ओढून घ्यावयाचे, आणि जखम नीट शिवून बंद करावयाची. तीन महिन्यांत अशा जखमींतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ५४ वरून सुमारे २९ वर आले. परंतु याच दिवसांत त्यांचे गुरुतुल्य मित्र सर विल्यम ऑस्लर यांचा एकुलता एक मुलगा रेव्हिअर जखमी होऊन आला. कुशिंग यांस निरोप मिळताच ते रात्री धावून गेले, शस्त्रक्रिया झाली, ३० ऑगस्ट १९१७ रोजी तो तरुण वारला. ऑस्लर यांच्या मृत्यूनंतर कुशिंग यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास दुसऱ्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९२६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दुःख आणि यश दोन्ही घेऊन आले. १२ जून रोजी त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटारीच्या अपघातात ठार झाल्याची वार्ता सकाळी आली. ती त्यांनी पत्नीस कळविली, आणि ठरलेली शस्त्रक्रिया करण्यास ते निघून गेले. टेबलावर एक रोगी त्यांची वाट पाहत होता. या वागण्यास कर्तव्यनिष्ठा म्हणावे की निष्ठुरपणा, यावर पुष्कळांनी लिहिले आहे. वाचकांनी आपापल्या मनाशी ठरवावे.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १ तारखेस त्यांनी एक नवे यंत्र वापरून पाहिले. विल्यम बोव्ही या हार्वर्डमधील शास्त्रज्ञाने ते तयार केले होते. विजेचा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट फिरविला तर स्नायू व मज्जातंतू यांना झटका बसत नाही, पण बारीक टोकाशी तीव्र उष्णता उत्पन्न होते. प्रवाहाचा एक प्रकार मांस कापतो, दुसरा रक्त गोठवितो. डोक्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ असलेल्या एका रोग्याची शस्त्रक्रिया काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. बोव्ही यांचे यंत्र आणून तीच गाठ थोडी थोडी करून काढण्यात आली आणि रोगी वाचला. कुशिंग तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आयुष्यभर कापूस, मेण आणि चांदी यांवर हात बसलेल्या माणसाने या वयात विजेची नवी विद्या नव्याने शिकावयास घेतली, आणि गाठ काढणे अशक्य म्हणून पूर्वी परत पाठविलेल्या रोग्यांना त्यांनी पत्रे घालून पुन्हा बोलावले. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

आणि तरीही पुढल्याच वर्षी वूड परत आले. ते आता फिलिपीन्सचे गव्हर्नर जनरल होते. सतरा वर्षांनी गाठ पुन्हा वाढली होती, एक बाजू लुळी पडत चालली होती, पण कामाच्या व्यापात त्यांनी उपचार लांबणीवर टाकला होता. ऑगस्ट १९२७ मध्ये कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. गाठ निघाली, पण जखम बंद केल्यावर काही तासांतच मेंदूच्या पोकळीत रक्तस्राव झाला आणि ७ ऑगस्ट रोजी वूड यांचा अंत झाला. ज्या रोग्याने कुशिंग यांस कीर्ती दिली, त्यालाच ज्या शत्रूशी कुशिंग जन्मभर झगडले त्या रक्तस्रावाने नेले. या घटनेने ते खचले. पण नोंदवहीत हाही मृत्यू इतर मृत्यूंसारखाच लिहिला गेला.

१५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी तपासणीने सिद्ध झालेली मेंदूची दोन हजारावी गाठ काढली. पुढल्या वर्षी या दोन हजार रोग्यांचा जमाखर्च, मृत्यूंच्या टक्केवारीसह, त्यांनी पुस्तकरूपाने मांडला. त्याच वर्षी, पीयूषिका ग्रंथीच्या ज्या विकारास आज त्यांचे नाव आहे, त्याचे वर्णनही प्रसिद्ध झाले.

रक्त थांबविण्याच्या साधनांची कथा त्यांच्यानंतर पुढे गेली. रक्तातच असलेल्या फायब्रिन या द्रव्याचे तुकडे मेंदूवर ठेवून पाहण्याचा प्रयोग ग्रे यांनी १९१५ मध्येच केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोस्टनमध्ये, कुशिंग यांच्याच परंपरेतील फ्रँक इनग्रॅहम यांनी फायब्रिनचा फेस वापरात आणला. व्हर्जिनिया फ्रँट्झ या विदुषींनी कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून, जखमेत ठेवल्यावर काही आठवड्यांत विरघळून जाणारे कापड आणले. १९४५ मध्ये जिलेटिनचा स्पंज आला. हे पदार्थ आत राहिले तरी शरीर त्यांना पचवून टाकते, म्हणून त्यांस धागा लागत नाही. ही विद्या आपल्या देशातही याच गुरुपरंपरेने आली. कुशिंग यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले वाइल्डर पेनफील्ड यांनी कॅनडात माँट्रियल येथे मोठी संस्था उभारली. तेथे शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मेंदूच्या शल्यक्रियेचा विभाग सुरू केला.

सिगारेटचे व्यसन आणि पायांतील रक्तवाहिन्यांचा विकार यांमुळे कुशिंग यांस अखेरच्या काळात चालणे जड जाई. १९३२ मध्ये हार्वर्डमधून निवृत्त होऊन ते दुसऱ्या वर्षी येल विद्यापीठात परतले. मेंदूच्या आवरणांतील गाठींवरचा त्यांचा व आयझेनहार्ट बाईंचा मोठा ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. या गाठींस ‘मेनिंजिओमा’ हे नाव त्यांनीच १९२२ मध्ये दिले होते. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मरणोत्तर तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या मेंदूत, तिसऱ्या पोकळीत, सुमारे एक सेंटिमीटर व्यासाची एक निरुपद्रवी गाठ आढळली. तिने त्यांस हयातभर काही त्रास दिल्याचे दिसत नाही.

त्यांचा दुर्मिळ ग्रंथसंग्रह त्यांनी येलला दिला. काचेच्या बरण्यांत जपलेले मेंदूचे नमुने आणि रोग्यांची छायाचित्रे पुष्कळ वर्षे तळघरात धूळ खात पडली होती. २०१० मध्ये ती नीट मांडून येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात पाहण्यास खुली करण्यात आली.